निकोटिनचा गम नीट चघळायला शिका: सोलापुरात कमी खर्चात तंबाखू सोडताना

सिगारेट सुटावी म्हणून ड्रिपर, म्हणजे थेंब सोडून ओढायची ई-सिगारेट घ्यावी, तार गुंडाळून कॉईल स्वतः करावी, आत कापूस भरावा, वरून दोन-चार थेंब सोडून ओढावं आणि महिन्याचा खर्च निम्म्यावर आणावा, असा हिशेब बरीच तरुण मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघून मांडतात. परदेशात तो जुळत असेल. आपल्याकडे तो पहिल्याच पायरीला मोडतो. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, बाहेरून आणणं, विकणं, वाहून नेणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. अख्खं यंत्र असो की सुटा भाग, आत निकोटिन असो की नुसता वास, फरक पडत नाही. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा सापडला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोरून मिळणाऱ्या बाटलीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय आणि आत खरं किती आहे, हे तपासायला कुणी नाही. शिवाय कॉईल गुंडाळताना तारेचा विजेला होणारा रोध चुकला की बॅटरी तापते, आणि कापूस कोरडा पडला की घशात उतरतो तो जळका विषारी धूर.

म्हणून ड्रिपर इथेच सोडून देऊ. निकोटिन मोजून घेता येईल, धूर लागणार नाही, पोलिसांची भीती नाही आणि साध्या मेडिकलमध्ये मिळेल अशी वस्तू आहे: निकोटिनचा गम. २ मिलिग्रॅमचा गम आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. ४ मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. नवी पेठ असो, सात रस्ता असो की जुळे सोलापूर, बऱ्याच मेडिकलमध्ये तो असतो, फक्त काउंटरवर मांडलेला नसतो. मागावा लागतो.

गम दिसतो च्युइंगगमसारखा, म्हणून लोक तो च्युइंगगमसारखाच खातात. तिथेच पैसे वाया जातात. "घेतला होता, काही उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा तो कचाकचा चावून दहा मिनिटांत थुंकलेला असतो, किंवा दिवसाला दोनच घेतलेले असतात. कमी खर्च म्हणजे कमी गम, असं इथे चालत नाही.

आधी स्वतःची मात्रा ओळखा

प्रश्न एकच: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट, विडी किंवा तंबाखूचा बार किती वेळात लागतो? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय खोल आहे. अशांना ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, म्हणजे आधी डॉक्टरांना भेटावं. अर्धा तास सहज काढता येत असेल तर २ मिलिग्रॅम पुरतो. तंबाखू चघळणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी स्वतःशी कबूल कराव्यात. रात्री बार तोंडात ठेवून झोप लागते का? रस थुंकण्याऐवजी गिळला जातो का? दोन्हीला "हो" असेल तर तुम्हालाही वरच्याच मात्रेचा विचार करावा लागेल.

विडीवाल्यांचा एक गैरसमज असतो की विडी छोटी म्हणजे निकोटिनही थोडं. उलट आहे. तेंदूपान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून भराभर आणि खोल ओढावं लागतं, त्यामुळे निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्तच जातं. दिवसाला पंधरा विड्या ओढणाऱ्याने "आपलं काय, पाच सिगारेटी" असं धरू नये.

काही जणांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम सुरूच करू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, छातीत वरचेवर दुखणारे, हृदयाचे ठोके अनियमित असलेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया, रक्तदाब आटोक्यात नसलेले, पोटात अल्सर असलेले आणि १८ वर्षांखालची मुलं. कवळी असेल तर गम तिला चिकटतो. जबड्याच्या सांध्याचा त्रास असेल तर चघळणं जमणार नाही. अशांसाठी चोखायच्या गोळ्या किंवा त्वचेवर लावायची पट्टी आहे, तीही डॉक्टरांना विचारूनच.

चुना आणि चहा

तंबाखू मळताना चुना का लावतात, हे सगळ्यांना हातानं ठाऊक असतं, कारण कमी जणांना. चुन्याने तोंडातली लाळ क्षारी होते. क्षारी लाळेत निकोटिन सुटं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ अस्तरातून थेट रक्तात जातं. चुना नसला तर तोच तंबाखू निम्मा कामी येत नाही. गमच्या आतही हेच काम करायला सोडियमचे क्षार घातलेले असतात, म्हणजे चुन्याचं काम, पण तोंड न भाजता.

आता यावर गरम चहा ओतला तर काय होईल? चहा, कॉफी, लिंबू सरबत, ताक, सोड्याची बाटली, चिंचेची आमटी, सगळं कमी-अधिक आम्लधर्मी. लाळेचा क्षार मरतो, निकोटिन गालातून आत जात नाही आणि थुंकीबरोबर पोटात उतरतं. पोटात गेलेल्या निकोटिनचा बराच भाग यकृत आधीच मोडून टाकतं. हाती राहते ती मळमळ. गमचे पैसे गेले, तलफ तशीच.

म्हणून नियम: गम तोंडात टाकण्याआधी १५ मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, आणि गम तोंडात असेपर्यंतही नाही. चहा झाल्याबरोबर गम हवाच असेल तर आधी साध्या पाण्याने नीट खळखळून चूळ भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. सोलापुरात हा नियम वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण इथे टपरीवर चहा आणि तंबाखू एकाच हाताने दिले-घेतले जातात. पहिले दोन आठवडे चहाची वेळच थोडी सरकवलेली बरी.

चघळायचं नाही, टेकवायचं

पद्धत हळू आहे. घाई केली की गम बिघडतो.

गम तोंडात टाका आणि सावकाश चावा. सुमारे दहा-पंधरा वेळा चावल्यावर मिरी चावल्यासारखा तिखटपणा किंवा मुंग्या आल्यासारखं जाणवू लागेल. ते जाणवलं की चावणं थांबवा. गम गाल आणि हिरडी यांच्या मध्ये सरकवा, जिथे तंबाखूचा बार ठेवतात तिथेच. तंबाखू खाणाऱ्याला ही जागा सांगावी लागत नाही. आता तिथेच राहू द्या. साधारण मिनिटभराने चव आणि मुंग्या मंद होतील. मग पुन्हा दोन-चार वेळा चावा, चव आली की थांबा, आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवा. जागा बदलत राहिलं की हिरडी एकाच ठिकाणी चुरचुरत नाही.

असं साधारण अर्धा तास. मग कितीही चावलं तरी तिखटपणा येत नाही, तेव्हा गम संपला. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. वापरलेल्या गममध्येही निकोटिन उरलेलं असतं, लहान मुलाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी जाईल असा रस्त्यावर थुंकू नका. न वापरलेली पाकिटंही मुलांच्या हाताबाहेर ठेवा. मिंट किंवा पानाच्या चवीचा गम पोराला गोळीच वाटतो.

थुंकी गिळायची की थुंकायची, हा प्रश्न तंबाखूवाले हमखास विचारतात. टेकवण्याच्या पद्धतीने थुंकी फारशी सुटत नाही. जी सुटेल ती थोडी थोडी गिळली तर चालते. थुंकायची गरज वाटत असेल तर तुम्ही वाजवीपेक्षा जोरात चावताय.

२ मिलिग्रॅमच्या गममधून प्रत्यक्ष रक्तात साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास निकोटिन जातं, एका सिगारेटमधून मिळतं तेवढंच. फरक वेगाचा आहे. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. ज्याला पहिल्या झुरक्याचा झटका हवा असतो त्याला गम फिका लागतो, आणि लागणारच. गमचं काम झटका देणं नाही, तलफ उठू न देणं एवढंच आहे.

यातून वेळेची गोष्ट निघते. तलफ आल्यावर गम शोधायला लागलात तर तो वीस मिनिटांनी कामाला लागेल, तोवर टपरी गाठलेली असेल. गम घड्याळाप्रमाणे घ्यायचा, तलफेच्या आधी.

किती आणि किती दिवस

पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक. म्हणजे दिवसाला किमान नऊ-दहा. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी एक. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात दर चार-आठ तासांनी एक. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. एकामागून एक सलग चघळायचे नाहीत.

पाचव्या-सहाव्या दिवशी "आता बरं वाटतंय" म्हणून पाकीट बाजूला टाकणं ही नेहमीची चूक. तंबाखू सुटल्यावर चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं, लक्ष न लागणं, भूक वाढणं हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. बरं वाटतंय ते गममुळे. सहा आठवड्यांआधी तो काढला की लग्नाच्या पंगतीत किंवा मालकाशी वाजल्यावर सगळं पहिल्यापासून.

दिवस बसवायचा कसा? यंत्रमागावर दिवसपाळीला जाणाऱ्या माणसाचं उदाहरण घ्या. उठल्यावर चूळ भरून लगेच पहिला गम, कारण रात्रभर निकोटिन उतरलेलं असतं. अर्धा तास गम, मग चहा. कामावर पोचल्यावर दुसरा, त्यानंतर दर दीड तासाला एक, जेवणाआधी पंधरा मिनिटं तोंड मोकळं. जेवण झाल्यावर चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग गम. ही जेवणानंतरची जागा सर्वांत कठीण, कारण भाकरी-शेंगाचटणी पोटात गेली की हात आपोआप डबीकडे जातो. तिथला गम कधीही चुकवू नका. मागाच्या खडखडाटात वेळ कळत नाही, मोबाईलचा गजर थरथरण्यावर लावून खिशात ठेवा. रिक्षावाल्याने वेळेपेक्षा फेरी धरलेली बरी: स्टेशन ते होटगी रोड फेरी संपली की एक. रात्रपाळीचा माणूस जागा असेल ते तास मोजेल, घड्याळातली सकाळ-संध्याकाळ नाही. झोपण्याच्या आधी तासभर मात्र गम नको, झोप उडते.

हिशेब

दुकानात किंमत विचारायची ती पाकिटाची नाही, एका गमची. छापील किंमत भागिले आतले गम. चवीप्रमाणे आणि पाकिटाच्या आकाराप्रमाणे यात फरक पडतो, आणि मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही.

वरच्या वेळापत्रकाने पहिले सहा आठवडे रोज १०, पुढचे तीन आठवडे रोज ६, शेवटचे तीन आठवडे रोज ३ धरले तर ४२० अधिक १२६ अधिक ६३, म्हणजे बारा आठवड्यांचे ६०९ गम. समजा एक गम दहा रुपयांना पडला, तर ६,०९० रुपये. आता तुमची बाजू मांडा. रोज दहा सिगारेटी, समजा पंधरा रुपयांची एक, तर ८४ दिवसांचे १२,६०० रुपये. माव्याच्या रोज चार पुड्या, वीस रुपयांची एक धरली, तर ६,७२०. या दोघांना गम पहिल्या तीन महिन्यांतच परवडतो.

विडीचं गणित वेगळं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रोज तीस रुपयांच्या विड्या ओढणाऱ्याचे ८४ दिवसांत २,५२० रुपये जातात. गम त्याच्या दुपटीहून महाग. वर्षाचा हिशेब केला तर विडीचे १०,९५० होतात आणि तेव्हा गम स्वस्त ठरतो, पण आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला वर्षाचा हिशेब सांगून काय उपयोग? अशा माणसाने आधी सिव्हिल गाठावं. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात केसपेपर काढून तंबाखू सोडण्यासाठी आलोय म्हणून स्पष्ट सांगा आणि गम किंवा औषध तिथून मिळतं का ते विचारा. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन येतं, त्याला पैसे पडत नाहीत. सगळाच गम स्वतःच्या खिशातून घ्यायची वेळ आली तर आधी सहा आठवड्यांच्या खर्चाची सोय करा आणि मगच तारीख ठरवा. अर्ध्यात संपलेलं पाकीट हा सगळ्यांत महाग गम.

एकदम चाळीस पाकिटं घेऊ नका. पहिल्यांदा दोन-तीन दिवस पुरतील एवढेच घ्या, चव बघा. मिंट नको वाटणारे पानाच्या किंवा दालचिनीच्या चवीवर टिकतात. चव पटली की पंधरा दिवसांचा साठा. आणखी एक सोलापुरी अडचण: उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि गाडीच्या डिकीत ठेवलेला गम मऊ होऊन वेष्टनाला चिकटतो. खिशात दिवसापुरते ठेवा, बाकी घरात सावलीला, कोरड्या जागी. वेष्टन आधीच फोडून सुटे गम डबीत ठेवायची सवय लावू नका, हवा लागली की ते कडक होतात.

काय बिघडतं

उचकी लागली, घशात जळजळ झाली, छातीत आंबट आलं, मळमळलं, तर वेग जास्त आहे. निकोटिन एकदम सुटलं आणि पोटात गेलं. गम तोंडातून काढा, पाणी प्या, पुढच्या वेळी चावणं निम्मं करा. उचकी ही गमची सगळ्यांत सामान्य तक्रार आणि सगळ्यांत सहज दुरुस्त होणारी.

काहीच जाणवत नाही? दोन कारणं. एक, तोंड आंबट होतं, चहा किंवा ताक नुकतंच झालं होतं. दोन, गम चावलाच नाही, नुसता चोखला. टेकवण्याआधी तिखटपणा यायला हवा, तो येईपर्यंत चावा.

जबडा दुखतो तो सतत चावण्याने. टेकवण्याचा वेळ वाढवा. गोड वाटत असला तरी मधुमेहींनी घाबरू नये, बहुतेक गम बिनसाखरेचे असतात, पण पाकिटावर बघून घ्या.

गम चालू असताना एखादी सिगारेट ओढली गेली तर बरेच जण "आता संपलं" म्हणून दोन्ही हातांनी सोडून देतात, सिगारेट नाही, गम. उलट करा. गम पुढच्या वेळेला ठरल्याप्रमाणे घ्या आणि ती सिगारेट नेमकी कुठे, कुणाबरोबर, कितव्या तासाला झाली ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा त्याआधीचा गम चुकलेला सापडेल.

चक्कर, दरदरून घाम, थंड पडणं, हृदय धडधडणं, उलटी अशी लक्षणं आली तर निकोटिन जास्त झालं. गम काढा, चूळ भरा, बसा. थांबत नसेल तर थेट दवाखाना. छातीत दुखलं तर वाटच बघू नका.

सिगारेट-विडीवाल्यांसाठी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. धुरामुळे यकृतातली काही रसायनं जोमाने काम करतात आणि चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर मोडतात. धूर थांबला की हा वेग उतरतो आणि तोच चार कप चहा जवळजवळ दुप्पट चढतो. हात थरथरणं, झोप न येणं, धडधड हे सगळं लोक "निकोटिन सोडल्याचा त्रास" म्हणून खपवतात, अर्धा दोष चहाचा असतो. चहा निम्मा करा. याच कारणाने दम्याची थिओफिलिनसारखी, मानसिक आजाराची ओलांझापिन-क्लोझापिनसारखी किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधं चालू असतील तर धूर सोडताना डॉक्टरांना कळवा, मात्रा बदलावी लागू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर वरचेवर मोजावी. तंबाखू नुसती चघळणाऱ्यांना हा कॅफिनचा प्रकार लागू नाही, कारण हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही.

मावा, मिश्री आणि विडी वळणारं घर

सिगारेट-विडीसाठी गमचा उपयोग अभ्यासांतून नीट सिद्ध झालाय. चघळायच्या तंबाखूसाठी पुरावा तितका भक्कम नाही. याचा अर्थ गम घेऊ नये असा नाही, पण नुसत्या गमवर विसंबू नये असा आहे. चघळणाऱ्याचा हात, गाल, थुंकणं, मळणं, डबी उघडणं, समोरच्याला देणं, ही सगळी सवय आहे, आणि गम त्यातली फक्त गालातली जागा भरतो. डबी घरातून काढून टाका. मळायची वेळ झाली की हाताला दुसरं काम द्या: भाजलेल्या शेंगा सोलणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बडीशेप, लवंग चालेल.

माव्यात आणखी एक गाठ आहे: सुपारी. सुपारीची स्वतःची वेगळी तलफ असते, आणि निकोटिनचा गम ती भागवत नाही. मावा सोडून "नुसती सुपारी" किंवा सुगंधी सुपारीवर येणारे पुन्हा माव्यावर जातात, कारण चावणं, चव, टपरी सगळं तेच राहतं. सुपारी त्याच दिवशी बंद. पहिला आठवडा जास्त जड जाईल, हे धरून चाला.

गम सुरू करण्याआधी माव्यावाल्याने आरशासमोर तोंड उघडून बघावं. स्वतःची मधली तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच जात असतील, तिखट खाल्लेलं सोसत नसेल, गाल आतून ताठ वाटत असेल तर सुपारीने तोंड आखडायला लागलंय. अशा जबड्याने गम चघळत बसू नका, आधी दंतवैद्य. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, गाठ, यापैकी काहीही असेल तरी तेच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, म्हणून कायद्यावर विसंबून तोंड वाचणार नाही.

मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत. "दात घासतो" एवढंच. दिवसातून तीन-चार वेळा "दात घासावे" लागत असतील आणि न घासता डोकं दुखत असेल तर ती तलफ आहे. त्यांनाही हीच पद्धत, फक्त कवळी आणि हिरड्यांची अवस्था आधी दाखवून घ्यावी. दात घासायला साधी पेस्ट, आणि मिश्रीचा तवा घरातून बाहेर.

पूर्व भागात, विडी घरकुलात, ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथे सूप, पान आणि तंबाखू हाताशीच असतो. पोट त्यावर चालतं, ते बंद करा म्हणणं सोपं नाही आणि इथे म्हणतही नाही. पण सोडणाऱ्या माणसाची बसायची-झोपायची जागा सुपापासून लांब असावी, तंबाखूचा डबा झाकणबंद असावा, आणि वळणाऱ्याने काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. वास ही तलफेची सगळ्यांत मोठी चावी आहे.

मदत कुठे

१८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती मदत क्रमांक फुकट आहे, तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाईलवर संदेश येत राहतात. फोनवर पहिल्यांदा बोलायला लाज वाटते, तेव्हा तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: रोज किती, पहिली किती वाजता, आधी किती वेळा सोडून पुन्हा धरली. एवढ्यावर पुढचं बोलणं सरळ होतं. बारा आठवडे नीट गम घेऊनही जमत नसेल तर डॉक्टरांकडे बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन अशी गोळ्यांची वाट आहे, किंवा पट्टी आणि गम एकत्र देण्याची. एकत्र देणं नुसत्या गमपेक्षा जास्त लागू पडतं, पण खर्च वाढतो आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

तारीख ठरवताना गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, घरातलं लग्न आणि दिवाळीची पाळी टाळा. रोजे धरणाऱ्यांना रमजान हा चांगला मुहूर्त, दिवसभराचं तोंड आपोआप बंद असतं. फक्त रोज्यात दिवसा गम चालत नाही, म्हणून तो इफ्तारनंतर सहरीपर्यंतच्या जागेपणी घ्यायचा, आणि दिवसाची तलफ अनावर होत असेल तर पट्टीचं डॉक्टरांना विचारायचं.

बाराव्या आठवड्यानंतर एकदम थांबवता येत नसेल तर एक गम निकोटिनचा, पुढचा साधा बिनसाखरेचा, असा आलटून पालटून घ्या. मग अर्धा तुकडा. दिवसाला एक-दोनवर आलात की बंद करा, पण दोन गम पाकिटात वर्षभर राहू द्या. ते बहुतेक वेळा तसेच राहतात, आणि एखाद्या हळदीच्या रात्री, मंडपामागे डबी फिरत असताना, खिशात असले म्हणजे झालं.